मी गिळलेले पन्नास सेकंद

मित्रांनो, हाताच्या पंजात मावेल एवढा एक जुना रेकॉर्डर तुमच्याशी बोलतो आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, पडद्यावर एक आडवी रेघ कायमची उमटली आहे, आणि गेलं वर्षभर मला चैन नाही. वस्तूने ठेवलं तिथे मुकाट पडून राहावं, बेचैनी हा माणसांचा प्रांत, असं तुम्ही म्हणाल. पण मी जन्मापासून एकच काम केलं, कान देऊन ऐकण्याचं. त्याच कामात माझ्या हातून (हात मला नाहीत, पण म्हणायची पद्धत आहे) अशी चूक झाली की एका मुलीचं वर्ष गेलं. ते सांगून टाकल्याशिवाय मला स्वस्थता लाभायची नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असत. एकीने माझ्यात माइक बसवला, दुसरीने पाठीचे स्क्रू पिळले, आणि शेवटी बसलेल्या बाईने मला तोंडाजवळ धरून कंटाळलेल्या आवाजात म्हटलं, "एक, दोन, तीन." मी ते शब्द तसेच्या तसे परत म्हणून दाखवले. तिने मान हलवली आणि मला खोक्यात टाकलं. माझी पहिली परीक्षा ती, आणि मी पैकीच्या पैकी गुणांनी पास झालो होतो.

दुकानातून मला एका वार्ताहराने घेतलं. त्यांना मी मामा म्हणतो, कारण पुढे ज्या मुलीची गोष्ट येणार आहे तिचे ते मामा. मामांच्या शर्टाच्या खिशात एक गळकं पेन, एक मळका रुमाल आणि मी असे आम्ही तिघं दाटीवाटीने राहायचो. नगरसभेच्या बैठका, पाणीपुरवठ्याच्या तक्रारी, उद्घाटनं, संप, मोर्चे, सगळीकडे आम्ही गेलो. एकदा एका अधिकाऱ्याने "मी असं बोललोच नव्हतो" म्हणून कानावर हात ठेवले. मामांनी मला त्याच्या टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. त्याचाच आवाज त्याला ऐकू आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. परतताना मामा मला थोपटून म्हणाले, "गड्या, तू काही खोटं बोलत नाहीस." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हवा गेली ती गेलीच.

माझ्या उजव्या कुशीत एक छोटं सरकतं बटण आहे. ते खाली असलं की मी सलग सगळं टिपतो. वर सरकवलं की मात्र कोणी बोलत असेल तेवढंच टिपतो. बोलणं थांबलं की मी डोळा लावतो आणि पुन्हा आवाज आला की खडबडून जागा होतो. नगरसभेच्या बैठकीत निम्मा वेळ लोक चहाची वाट बघण्यात घालवत, म्हणून मामांनी ते बटण वर सरकवलं आणि मग कधी खाली आणलं नाही. मलाही बरं वाटायचं. बोलणं म्हणजे काम, गप्प बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी माझी पक्की समजूत झाली.

पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि मला कोणी विचारेनासं झालं. मग मामांचं वर्तमानपत्रच बंद पडलं. त्यांनी झेरॉक्सचं दुकान काढलं आणि मी त्या दुकानाच्या खणात गेलो. तिथे वाळलेले मार्कर होते, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या, आणि माझ्या पोटात विसरलेले दोन सेल होते. ते पाझरून पांढरी बुरशी धरली तरी कोणाला पत्ता नव्हता. तिथे मी किती वर्षं काढली ते मला सांगता येणार नाही. झेरॉक्सचं यंत्र दिवसभर घरघरत राही आणि मला वाटे, आपलं आता संपलं.

मला बाहेर काढलं ते त्या मुलीने. घरात तिला सगळे 'चौकशी' म्हणतात. लहानपणी ती येईल जाईल त्याला इतके प्रश्न विचारायची की पाहुणे पायताण घालता घालता उत्तरं देत. ही चौकशी आता अठरा वर्षांची झाली होती आणि तिला विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात शिकायचं होतं. तो विभाग म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. जागा अठरा आणि अर्ज चौदाशेच्या वर. अर्जासोबत स्वतः फिरून लिहिलेला एक लेख द्यायचा, त्यातल्या मुख्य मुलाखतीचं मूळ, न कापलेलं ध्वनिमुद्रण जोडायचं, आणि त्यातून निवडलेल्यांची तोंडी मुलाखत.

तिचे वडील हवामान कार्यालयात आकडे उतरवतात. त्यांना शक्यता टक्क्यांत सांगण्याची खोड आहे. जेवताजेवता त्यांनी जाहीर केलं, "सव्वा टक्का. दीडही नाही."

"अहो, मुलीला निदान चार घास तरी सुखाने खाऊ द्या," आई म्हणाली. आई रुग्णालयात परिचारिका आहे. तिने लेकीला एकच सवय लावली होती: काहीही नोंदवलं की शेजारी वेळ लिहायची. वेळेवाचून नोंद म्हणजे नोंदच नाही, असं तिचं म्हणणं.

चौकशीच्या फोनमध्ये मध्येच कोणाचा ना कोणाचा फोन यायचा आणि ध्वनिमुद्रण तुटायचं. म्हणून ती मामांच्या दुकानात आली. मामांनी खण उपसला, मला काढलं, टूथब्रशने माझं पोट घासलं, नवे सेल घातले. मी "एक, दोन, तीन" म्हणून दाखवलं. मामांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "घेऊन जा," ते म्हणाले, "हा कधी दगा देत नाही." बटण तसंच वर होतं. ते त्यांच्या लक्षात आलं नाही, तिला माहीत नव्हतं, आणि मला आनंदात भान राहिलं नाही.

तिने विषय निवडला तो लिफ्टचा. गावात एक सात मजली इमारत आहे, सगळी दवाखान्यांनी भरलेली. तिथली लिफ्ट एका दुपारी चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये बंद पडली. आत एक बाई आणि तिचं पाच महिन्यांचं बाळ अडीच तास अडकून पडली. दोघं सुखरूप बाहेर आली, पण चौकशी बसली. (ही खरी चौकशी, आमची नव्हे.) आठच दिवसांपूर्वी 'लिफ्ट तपासली, ठीक आहे' अशा कागदावर त्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या कारागिराने सही केली होती. तीन आठवड्यांनी, लिफ्ट पुन्हा सुरू झाल्यावर, आम्ही त्यांना भेटायला गेलो.

लिफ्टवाले काका तळमजल्यावरच्या एका खोलीत बसत. खोली कसली, भिंतीपलीकडे लिफ्ट वरखाली जाते ती पोकळी आणि अलीकडे एक स्टूल, एक हत्यारांची पेटी, भिंतीवर एक घड्याळ. पन्नाशीचा माणूस, बोटांना वंगण, बोलणं तुटक. चौकशीने मला पेटीवर ठेवलं आणि वहीत वेळ लिहिली: चार दहा. काका बोलता बोलता मध्येच थांबायचे. ती तेवढ्यात आधीचं लिहून घ्यायची. मी तेवढ्यात डोळा लावायचो. आमचं दोघांचं छान चाललं होतं.

शेवटी तिने तो प्रश्न विचारला. "काका, त्या कागदावर तुमची सही आहे. तुम्ही लिफ्ट खरंच तपासली होती का?"

काका गप्प झाले. हे मला नंतर कळलं, कारण तेव्हा मी झोपलो होतो. चौकशी मात्र घड्याळाकडे बघत बसली होती. पन्नास सेकंद. मग काका म्हणाले, "हो. तपासली." आणि मी जागा झालो.

घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. तिला तिच्या लेखाचा शेवट सापडला होता. त्याच संध्याकाळी तिने तो एका बैठकीत लिहून काढला: सही करायला त्या माणसाला एक सेकंद लागला असेल, पण ती सही खरी आहे हे सांगायला पन्नास सेकंद लागले. पुढे एकही ओळ नाही. मामांनी वाचलं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून मोठ्याने वाचून दाखवलं. माझं ध्वनिमुद्रण तिने फक्त काकांचे शब्द पडताळायला ऐकलं. तेही घाईत, मुदत संपायला दोन दिवस होते. ती शांतता तिच्या कानात आधीच इतकी भरून राहिली होती की माझ्यात ती नाहीच, हे तिला जाणवलंच नाही.

तोंडी मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा वडिलांनी टक्केवारी सुधारली. "चोपन्न जणांतून अठरा. तेहतीस पूर्णांक तीन." घरात त्या रात्री कोणी धड झोपलं नाही. मीही पिशवीत तळमळत होतो, पण ते उत्साहाने. मला वाटत होतं, तिथे माझंही कौतुक होणार.

खोलीत तिघं होते. पिकलेले केस बारीक कापलेल्या एक बाई, ज्या पूर्वी संपादक होत्या. जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक प्राध्यापक. आणि रेडिओवर काम केलेला एक तरुण शिक्षक. तरुणाने सुरुवातीलाच सांगितलं, "तुमच्या लेखाचा शेवट जबरदस्त आहे." चौकशीचा चेहरा खुलला. मग प्राध्यापकांनी संगणकावर माझं ध्वनिमुद्रण लावलं. तिचा प्रश्न आला, आणि प्रश्नाच्या शेपटाला चिकटून उत्तर आलं. "हो. तपासली."

"पन्नास सेकंद कुठे आहेत?" प्राध्यापकांनी विचारलं.

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. "हा माणूस ताबडतोब उत्तर देतो आहे. तुम्ही त्याला गप्प बसवलंत, आणि त्या गप्प बसण्यावर लेख संपवलात. याला आमच्या धंद्यात काय म्हणतात, माहीत आहे ना?"

मित्रांनो, मला त्या क्षणी पिशवीतून ओरडावंसं वाटलं. पण मी फक्त दुसऱ्याचे शब्द बोलू शकतो, माझे नाही. तिच्या कपाळावर घाम आला. "ते गप्प होते, सर," ती म्हणाली. "मी घड्याळात बघितलंय. ध्वनिमुद्रणात का नाही ते मला सांगता येत नाही. पण मी वाक्य मागे घेणार नाही."

"मग आमचाही नाइलाज आहे," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी कागद बाजूला सारला.

तिने काहीतरी करायचं म्हणून वही उघडली. आईने लावलेली सवय तिथे पानापानावर होती. सुरुवात चार दहा, शेवट चार एकेचाळीस. "सर, हे ध्वनिमुद्रण किती मिनिटांचं आहे?"

"बावीस."

"आम्ही एकतीस मिनिटं बोलत होतो."

तिने मला पिशवीतून काढलं, उलटंसुलटं करून बघितलं, आणि तिचं बोट माझ्या उजव्या कुशीपाशी थांबलं. बटणाशेजारी बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते तिने पहिल्यांदाच वाचलं. मग तिने मला टेबलावर ठेवलं, लाल बटण दाबलं आणि म्हणाली, "आपण सगळे जरा गप्प बसू या का?"

विद्यापीठाचे तीन मोठे लोक आणि एक घामाघूम मुलगी वीस सेकंद एकमेकांकडे बघत बसले. तिने "झालं" म्हटलं आणि परत लावलं. "आपण सगळे जरा गप्प बसू या का? झालं." तरुण शिक्षक खो खो हसला. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "हे आधी बघायला हवं होतंत," ते म्हणाले, पण आवाज नरमला होता. मी मात्र शरमेने मेलो. ज्या खोलीत माझं कौतुक व्हायचं होतं, तिथे माझी खोड सगळ्यांसमोर उघडी पडली होती.

एवढा वेळ संपादकबाई बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ते गप्प होते हे पटलं. का गप्प होते?"

"खरं सांगावं की नाही, याचा विचार करत असतील."

"असं ते म्हणाले?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"नाही," चौकशी म्हणाली. जिच्या प्रश्नांपुढे पाहुणे पळ काढायचे, तिने नेमका तोच प्रश्न विचारला नव्हता. बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मुलाखत संपली.

दहा दिवसांनी यादी लागली. पहिल्या अठरांत ती नव्हती. प्रतीक्षा यादीत तिचा क्रमांक दुसरा होता. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की तिचा लेख विभागाच्या वार्षिक अंकात छापण्यासाठी निवडला आहे. वडिलांनी मागच्या सहा वर्षांच्या याद्या काढून बघितल्या. दर वर्षी निदान तीन जागा रिकाम्या होत होत्या. "म्हणजे झालंच म्हणायचं," ते म्हणाले, आणि टक्के सांगायचे विसरले, इतका आनंद झाला होता त्यांना. मामांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.

चौकशी मात्र घरात एका जागी बसेना. पाणी प्यायला उठायची आणि पेला तसाच ठेवून परत यायची. तिसऱ्या दिवशी तिने मला उचललं, बटण खाली सरकवलं, आणि आम्ही पुन्हा त्या सात मजली इमारतीत गेलो.

काका स्टुलावर बसून एक पट्टी घासत होते. तिने मला पेटीवर ठेवलं, वेळ लिहिली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "काका, त्या दिवशी मी सहीचं विचारलं, तेव्हा तुम्ही इतका वेळ गप्प का बसलात?"

काका पुन्हा गप्प. या वेळी मी जागा होतो, मित्रांनो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी शांतता ऐकली. ती शांतता नव्हतीच. भिंतीच्या पलीकडून बारीक घूंऽऽ असा आवाज वर वर चढत चालला होता. काकांनी एक बोट उभं धरलं होतं आणि मान त्या भिंतीकडे कलती केली होती. घूंऽऽ थांबलं, कुठेतरी वर दार उघडल्याचा थड् आवाज आला, आणि काकांचं बोट खाली आलं.

"चौथ्यापाशी जरा घासतेय," ते म्हणाले. "बघावं लागेल. हां, तू काय विचारत होतीस?"

चौकशीने भिंतीकडे बघत विचारलं, "काका, लिफ्ट चालू असली की तुम्ही बोलत नाही?"

"कसा बोलणार? मग ऐकणार कधी? सत्तावीस वर्षं झाली. घरी पंखा लावला तरी मी गप्प होतो म्हणून बायको चिडते." ते हसले. "ज्याने मला काम शिकवलं ना, तो म्हणायचा, डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आवाज बदलला की उठायचं."

"आणि त्या दिवशी? सहीचं विचारलं तेव्हा?"

"कुठल्या दिवशी? तू बरंच काय काय विचारलंस बाई. मला कुठलं आठवतंय." मग त्यांनी पट्टी खाली ठेवली. "तपासली होती मी. दोर, दारं, ब्रेक, सगळं. तरी बंद पडली. का पडली ते अजून मलाही कळलेलं नाही. ते बाळ रडत होतं ना आत, ते मला अजून ऐकू येतं."

काका खरं बोलत होते का, हे मी सांगू शकत नाही. ते चौकशी समितीने ठरवायचं. पण त्यांच्या गप्प बसण्याचा आणि खरं-खोटं बोलण्याचा काही संबंध नव्हता, एवढं आता मलाही कळलं आणि तिलाही. माझी झोप नडली नसती तर हे तिला पहिल्याच दिवशी घरी बसून ऐकू आलं असतं. एकतीस मिनिटांतल्या प्रत्येक थांबण्याच्या खाली ते घूंऽऽ असणार. मी नेमकं तेवढंच गिळलं होतं.

विभागाच्या नियमांत प्रतीक्षा यादीतल्यांना लेख बदलायची सोय होती, पंधरा तारखेपर्यंत. नवा लेख दिला की जुन्याचे गुण रद्द होणार आणि नव्याला पुन्हा गुण मिळून क्रमांक नव्याने लागणार. चौकशीने दोन दिवसांत नवा लेख लिहिला. तो मी तिच्या तोंडून ऐकला आहे. चांगला होता, पण त्यात कोणी गुन्हेगार नव्हता, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारा शेवटही नव्हता. शेवटी एवढंच होतं की लिफ्ट का अडकली हे अजून माहीत नाही.

"वेड लागलंय का तुला?" वडिलांचा आवाज चढला. "हातातोंडाशी आलेला घास! एवढी धडपड केलीस आणि आता आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस? तुझं ते वाक्य कुठे खोटं आहे? पन्नास सेकंद गप्प होते, होते ना?"

"होते," चौकशी म्हणाली. "पण वाचणारा जे समजेल ते खोटं आहे, बाबा."

मामा दुकानातून आले होते. ते चाचरत म्हणाले, "आम्ही असं काही झालं की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा द्यायचो. प्रवेश घे आधी, मग दे खुलासा." पण हे बोलताना ते कोणाकडेच बघत नव्हते. मग त्यांनी मला टेबलावरून उचललं, बटणावर अंगठा फिरवला आणि अगदी हळू विचारलं, "माझ्या वेळी तू काय काय गिळलंस रे?"

जे मी ऐकलंच नाही ते माझ्याकडे कुठून असणार? त्या अधिकाऱ्याच्या दोन वाक्यांच्या मध्येही काही होतं का, हे आता कोणालाच कळणार नाही. माझी बेचैनी सुरू झाली ती त्या प्रश्नापासून.

आई कामावरून येऊन उभीच होती, चपलाही काढल्या नव्हत्या. तिने विचारलं, "पहिल्या लेखात त्या माणसाचं नाव आहे?"

"आहे."

"इमारतीचं?"

"आहे. आणि तो अंक छापून सगळीकडे जातो."

"त्याची नोकरी जाऊ शकते?"

"चौकशी चालू आहे अजून. जाऊ शकते."

"मग मला काय विचारतेस," आई म्हणाली आणि आत गेली.

नवा लेख चौदा तारखेला गेला. सोबत माझं नवं ध्वनिमुद्रण गेलं, सगळ्या घूंऽऽसकट, आणि जुना लेख छापू नये असं एक पत्र. आठवड्याने नवा क्रमांक आला. सहावा.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. फोन वाजला की चौघांचे चेहरे वळत. कधी तो पाण्याच्या टाकीवाल्याचा असे, कधी चुकीचा. पहिली जागा रिकामी झाली, मग दुसरी. तिसरी झाली तेव्हा वडील उठून गच्चीवर गेले. चौथी जागा भरली आणि यादी बंद झाली. दुसऱ्या क्रमांकावर राहिली असती तर ती आत असती, हे सांगायला टक्केवारी लागत नव्हती. चौकशी त्या दिवशी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ढसाढसा रडली. आई तिच्याशेजारी बसली. वडील दारात उभे राहिले, त्यांना आत यायचं होतं आणि येता येत नव्हतं. मी टेबलावर होतो. ती तो लेख बदलून चुकली असं मला वाटलं नाही, पण तिचं रडणं मला सोसवत नव्हतं.

आता ती मामांच्या दुकानात दुपारभर काम करते आणि सकाळी एका साप्ताहिकासाठी गावातल्या बातम्या आणते. यंदा पुन्हा अर्ज भरला आहे. जागा तेवढ्याच आहेत, अर्ज शंभराने वाढले आहेत. मुलाखतीचं बोलावणं आलेलं नाही, येईल की नाही ते ठाऊक नाही. लिफ्टवाले काका अजून त्याच खोलीत बसतात. आपल्याला गोत्यात आणणारा एक लेख लिहिला गेला होता आणि तो छापता छापता राहिला, यातलं त्यांना काहीही माहीत नाही. परवा ती भेटली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय ग, तुझ्या त्या प्रवेशाचं काय झालं?" ती म्हणाली, "नाही झाला, काका." तर ते म्हणाले, "पुढच्या वेळी जरा नीट अभ्यास कर."

मित्रांनो, माझ्या जातीचे म्हातारे शेवटी सांगतात की आम्हाला पुसत जा, सेल काढून ठेवत जा, खणात टाकू नका. तेही कराच. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या कोणाला प्रश्न विचाराल आणि समोरचा माणूस गप्प बसेल. घरात बसेल, वर्गात बसेल, कुठेही. तेव्हा त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ स्वतःच लावून मोकळे होऊ नका. 'का गप्प बसलात?' एवढं त्याला विचारा, आणि तो सांगेपर्यंत थांबा. मला ते विचारता येत नाही. तुम्हाला येतं.